मेमरीचे भाव आणि प्रोसेसरवाले: शेअर घेण्याआधी बिल कोणाचं ते बघा

मांडवीकाठ (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९:१२

२०२५ च्या मध्यापासून वर्ष संपेपर्यंत ३२ जीबी डीडीआर५ (डीडीआर४ नंतरच्या पिढीच्या) रॅमचा किरकोळ भाव तिपटीच्या वर गेला. त्यावरून इथे दोन सल्ले फिरताहेत. एक, 'चिपवाल्यांची चांदी आहे, मिळेल तो चिपचा शेअर घ्या.' दुसरा, 'रॅम महाग म्हणजे कॉम्प्युटर खपणार नाहीत, प्रोसेसरवाले सगळे विका.' घामाचा पैसा अशा एका ओळीवर लावू नये, म्हणून सविस्तर लिहितोय.

मेमरीवाले आणि प्रोसेसरवाले ही दोन वेगळी घराणी आहेत. जगातलं नव्वद टक्क्यांहून जास्त डीरॅम (म्हणजे रॅममधली मेमरी चिप) सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडून येतं. इंटेल, एएमडी, एनव्हिडिया, क्वालकॉम, मीडियाटेक प्रोसेसर विकतात, त्यांना मेमरी बाहेरूनच लागते. तेव्हा प्रोसेसर कंपनी बघताना पहिला प्रश्न हा: तिच्या मालाला लागणारी मेमरी कोणाच्या बिलात येते?

एआयच्या मोठ्या चिपमध्ये मेमरी प्रोसेसरच्या पॅकेजमध्येच (त्याच आवरणात) बसते आणि ती प्रोसेसर कंपनी स्वतः विकत घेते. एनव्हिडियाच्या एच१०० मध्ये ८० जीबी एचबीएम (थरावर थर रचलेली वेगवान डीरॅम), बी३०० मध्ये २८८ जीबी. एएमडीच्या एमआय३५५एक्समध्येही २८८. इथे भाव आणि माल दोन्ही बहुतेक वर्षभर आधी ठरलेले असतात, आणि मागणी इतकी आहे की वाढलेला खर्च पुढे ढकलता येतो.

पीसी, फोन आणि साध्या सर्व्हरचा प्रोसेसर मात्र एकटा विकला जातो. मेमरी घेतो लॅपटॉपवाला किंवा फोनवाला. ती प्रोसेसर कंपनीच्या हिशेबात कुठेच दिसत नाही, म्हणून नवा गुंतवणूकदार इथेच फसतो. गिऱ्हाइकाचं बजेट एकच असतं. एचपीने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं की साधारण पीसीच्या खर्चात मेमरीचा वाटा १५ ते १८ टक्के. तो वाटा फुगला की उरलेल्यातूनच प्रोसेसर बसवावा लागतो.

तिसऱ्या तऱ्हेत मेमरी पॅकेजमध्ये घेतली, पण भाव पुढे ढकलायची ताकद नाही. इंटेलचा लूनर लेक हा लॅपटॉपचा प्रोसेसर (सप्टेंबर २०२४) हे ताजं उदाहरण: पॅकेजवरच १६ किंवा ३२ जीबी एलपीडीडीआर५एक्स (कमी वीज खाणारी रॅम). पुढच्याच महिन्यात तिमाही निकालांच्या वेळी तेव्हाचे प्रमुख पॅट गेल्सिंगर यांनी सांगून टाकलं की हे एकदाच, पुढच्या पिढ्यांत मेमरी पुन्हा बाहेर.

असं का, ते आकड्यांत बघा (आकडे समजण्यापुरते). प्रोसेसर २०० ला विकला, खर्च १००: नफा १००, मार्जिन ५० टक्के. त्यात ६० ची मेमरी घातली आणि ६० नेच पुढे दिली: विक्री २६०, खर्च १६०, नफा तोच १००, मार्जिन ३८.५ टक्के. एक पैसा कमी मिळाला नाही, तरी टक्केवारी घसरली आणि बाजाराने शिक्षा दिली. उद्या मेमरी ६० ची १२० झाली आणि पुढे ढकलता आली नाही, तर नफा १०० चा ४० होतो.

अ‍ॅपलही मेमरी पॅकेजवरच बसवते. पण ती पूर्ण मशीन विकते आणि मॅकमध्ये १६ चे २४ जीबी करायला २० हजार रुपये घेते. गादी एवढी जाड असली की धक्का उशिरा लागतो.

---

म्हापसा_हार्डवेअर | सोमवार, रात्री ९:५०

दुकानाच्या बाजूने भर घालतो, कारण प्रोसेसरवाल्याला बसणारा फटका सगळ्यात आधी काउंटरवर दिसतो.

रॅम महाग झाली की गिऱ्हाईक मशीन रद्द करतंच असं नाही. ते खाली उतरतं. ३२ ऐवजी १६ जीबी, आणि ते १६ सुद्धा ८ च्या दोन कांड्यांऐवजी (कांडी म्हणजे रॅमची पट्टी) एकच कांडी, 'नंतर दुसरी टाकू' म्हणून. इथे एक गैरसमज फार पसरलाय: डीडीआर५ च्या एका कांडीत दोन उपचॅनेल असतात, म्हणून एकच कांडी ड्युअल चॅनेल (मेमरीकडे जाणारे दोन रस्ते) चालते असं लोक समजतात. चूक. ती दोन ३२ बिटांची आहेत, मिळून ६४ बिटच. डीडीआर५-५६०० ची एक कांडी सेकंदाला ४४.८ जीबी देते, दोन कांड्या ८९.६. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रस्त्यावर चालतं. म्हणजे गिऱ्हाइकाने महागडा प्रोसेसर घेतला आणि अर्ध्या रस्त्यावर पळवला. दुकानदाराने हे समजावलं की ते म्हणतं, 'मग स्वस्त प्रोसेसर द्या.' बरोबरच आहे त्याचं. पण असं हजारो काउंटरवर झालं की प्रोसेसर कंपनीचे नग तेवढेच राहतात आणि सरासरी विक्रीभाव खाली येतो. निकालात नुसते नग बघणाऱ्याला हे दिसणार नाही.

दुसरी पळवाट, जुना डीडीआर४ चा बोर्ड आणि त्यावर एएमडीचा जुना रायझन प्रोसेसर. तिथेही सुटका नाही. बड्या मेमरीवाल्यांनी डीडीआर४ आवरतं घ्यायला सुरुवात केली आणि जून २०२५ मध्ये त्याचा स्पॉट (कराराशिवाय, रोजच्या बाजारातला) भाव चक्क डीडीआर५ च्या वर गेला.

मायक्रॉनने ३ डिसेंबर २०२५ ला क्रूशियल हा किरकोळ ग्राहकांचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेही याच कारणाने: तोच वेफर (चिप ज्यावर बनतात ती सिलिकॉनची थाळी) डेटा सेंटरला दिला तर जास्त मिळतं. रास्पबेरी पायने १ डिसेंबरला १६ जीबीचा पाय ५ १२० डॉलरवरून १४५ वर नेला आणि त्याच दिवशी १ जीबीचा ४५ डॉलरचा नमुना आणला. त्यात प्रोसेसर तोच आहे, बदलली फक्त मेमरी.

ज्यांना शाळा, पंचायत, सोसायटीसाठी खरेदी करायची आहे त्यांना एक सांगणं. कोटेशन ९० दिवसांसाठी बांधून मागू नका. मागितलंत तर दुकानदार एक तर भाव फुगवून देईल, नाही तर ऑर्डर आल्यावर हात वर करेल. रॅम आणि एसएसडी वेगळ्या ओळीत घ्या, त्या दोन ओळींना मुदत दोन-तीन दिवसांची आणि बाकीच्या मशीनला महिन्याची. १८ टक्के जीएसटी सगळ्यावर सारखाच. आयातीचा हिशेब डॉलरमध्ये असतो आणि डिसेंबरात डॉलर नव्वदीच्या पलीकडे गेला, तो भारही त्याच ओळीवर येतो.

---

काणकोण_नवशिका | सोमवार, रात्री १०:२०

म्हापसाबाब, मांडवीबाब, देव बरें करूं. इतकं स्वच्छ कुठे वाचलं नव्हतं. एक शंका: भाव तिप्पट झाला तर तिघे मेमरीवाले कारखाने वाढवून माल का ओतत नाहीत? पैसा तर समोर दिसतोय.

---

शेवंती_मडगांव | मंगळवार, सकाळी ७:०५

@काणकोण_नवशिका, तीन कारणं आहेत, आणि तिसरं सगळ्यात वजनदार.

एक, वेळ. नवा माड लावला तर नारळ हातात यायला पाच-सात वर्षं जातात. २०२५ मध्ये नारळाचे भाव चढले तेव्हा कितीही पैसे दिले असते तरी आज लावलेला माड उद्या फळला नसता. फॅबला (चिपच्या कारखान्याला) तेवढी वर्षं लागत नाहीत, पण जमीन, स्वच्छ खोली, यंत्रं आणि चाचण्या मिळून दोन-तीन वर्षं जातातच. मायक्रॉनच्या आयडाहोतल्या नव्या फॅबचा पहिला वेफर २०२७ च्या मध्यात अपेक्षित आहे. सॅमसंगने प्योंगटेकचा पाचवा कारखाना २०२८ मध्ये चालू करायचं जाहीर केलंय. आणि चालू फॅबमध्ये आज वेफर टाकला तरी चिप तयार व्हायला तीन-चार महिने.

दोन, जुनी जखम. २०२३ मध्ये सॅमसंगच्या सेमिकंडक्टर विभागाला जवळपास १५ लाख कोटी वॉनचा तोटा झाला. मायक्रॉनला त्या आर्थिक वर्षात १५.५४ अब्ज डॉलरच्या विक्रीवर ५.८३ अब्जांचा तोटा. त्याआधीच्या मंदीत तर कंपन्याच बुडाल्या: जर्मनीची किमोंडा २००९ मध्ये, जपानची एल्पिडा २०१२ मध्ये. जे उरले ते भाव वाढला म्हणून लगेच कुदळ उचलत नाहीत.

तीन, एचबीएम. मायक्रॉननेच सांगितलेलं गुणोत्तर असं की तेवढीच जीबी एचबीएम३ई (एचबीएमची एक पिढी) करायला डीडीआर५ च्या साधारण तिप्पट वेफर लागतात. मांडवीबाबांनी वर बी३०० चा आकडा दिलाय, त्याचाच हिशेब करू. २८८ जीबी म्हणजे १६ जीबीच्या १८ लॅपटॉपांची मेमरी. पण वेफर तिप्पट, म्हणून प्रत्यक्षात ५४ लॅपटॉपांचा वेफर एका चिपमध्ये जातो. एक चिप, ५४ लॅपटॉप!

तिप्पट का लागतं? थर एकावर एक रचायचे, त्यांतून आरपार तांब्याच्या वाटा काढायच्या. या वाटांना जागा लागते, म्हणून एका वेफरमध्ये चिप कमी निघतात. शिवाय रचनेत नुकसान होतं. प्रत्येक थर ९९ टक्के चांगला जमला असं धरा: १२ थरांचा पूर्ण मनोरा चांगला निघण्याचं प्रमाण ८८.६ टक्के. प्रत्येक थर ९८ टक्के धरा: ७८.५. एका टक्क्याने दहा टक्के गेले. आणि खराब मनोरा चुकून प्रोसेसरशेजारी जोडला गेला तर हजारो डॉलरची पूर्ण चिप वाया जाते, म्हणून एनव्हिडियासारखी कंपनी मान्यता देताना इतकी कडक असते. सॅमसंगला १२ थरांच्या एचबीएम३ई साठी ती मान्यता मिळायला फार उशीर लागला. तेवढ्या काळात एसके हायनिक्स पुढे निघून गेली आणि २०२५ च्या पहिल्या तिमाहीत डीरॅमच्या विक्रीत पहिल्यांदा सॅमसंगच्या वर आली.

---

साखळी_अभियंता | मंगळवार, सकाळी ११:३०

मांडवीबाब, एक दुरुस्ती. तिसरी तऱ्हा लूनर लेकपासून सुरू होत नाही. इंटेलने ही ठेच आधी दोनदा खाल्ली आहे, आणि ती माहीत असली तर आजचं चित्र जास्त कळतं.

मुळात इंटेल ही मेमरी कंपनीच होती. १९७० ची ११०३ ही तिची डीरॅम चिप गाजली. जपानी कंपन्यांच्या भावापुढे टिकता येईना म्हणून १९८५ मध्ये तिने डीरॅम सोडलं आणि प्रोसेसरवर सगळं लावलं.

मग रॅम्बस. इंटेलने ठरवलं की पुढची मेमरी रॅम्बस कंपनीच्या तंत्राची आरडीरॅम. १९९९ च्या अखेरीस ८२० चिपसेट (प्रोसेसर आणि मेमरी जोडणारी चिप) आला. आरडीरॅम इतकी महाग होती की लोक घेईनात, म्हणून साधी एसडीरॅम चालावी यासाठी मध्ये एक जोडचिप बसवली. तिच्यात दोष निघाला आणि मे २००० मध्ये बोर्ड परत घ्यावे लागले. नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ आला तोही आरडीरॅमवरच. कांड्या जोडीनेच लावायच्या, आणि रिकाम्या खाचांत नुसती वाट पुरी करणारी कोरी पट्टी घालायची, नाही तर मशीन चालूच होत नसे. प्रोसेसर खपावा म्हणून इंटेल डब्यातच ६४ एमबीच्या दोन कांड्या घालून देत होती. म्हणजे मेमरीचा भाव शेवटी प्रोसेसरवाल्याच्या खिशातून गेला. सप्टेंबर २००१ मध्ये साध्या एसडीरॅमचा ८४५ चिपसेट आल्यावर पेंटियम ४ खऱ्या अर्थाने हलला. मधल्या वर्षात एएमडीने अ‍ॅथलॉन आणि स्वस्त डीडीआरच्या जोरावर आपली जागा केली.

पुढचा प्रसंग ऑप्टेन. मायक्रॉनबरोबर मिळून काढलेली ही मेमरी, २०१५ मध्ये घोषणा, जुलै २०२२ मध्ये गाशा गुंडाळला. त्या तिमाहीत पडून राहिलेल्या मालापोटी ५५९ दशलक्ष डॉलर खर्ची टाकावे लागले.

तेव्हा एखादा प्रोसेसरवाला 'आमची मेमरी आम्ही घालून देतो' म्हणाला की तंत्र उत्तम असेलही, पण पुरवठादार किती आहेत आणि भाव कोण ठरवतो हे विचारा. पुरवठादार एक-दोनच असतील तर जोखीम त्याच्या अंगावर.

---

मांडवीकाठ (धागाकर्ता) | मंगळवार, दुपारी १:१५

साखळीबाब, दुरुस्ती मान्य. ठेच तीच, दगड वेगळे.

---

वेर्णा_बोर्डलाईन | मंगळवार, रात्री ८:४०

लॅपटॉप आणि एआयवरच बोलणं चाललंय. छोट्या मेमरीकडे कोणी बघत नाही आणि तिथे हाल जास्त आहेत. गोव्याला हा विषय लांबचा नाही. डी-लिंक इंडिया या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे, आणि राउटर म्हणजे एक प्रोसेसर, एक डीरॅम, एक फ्लॅश (वीज गेली तरी माहिती राखणारी मेमरी), बाकी रेडिओ आणि पॉवर.

घरगुती राउटरमध्ये डीरॅम १२८, २५६ किंवा ५१२ एमबी, बहुतेक डीडीआर३ किंवा डीडीआर४. मोठे तिघे या जुन्या मालातून अंग काढून घेताहेत. उरतात तैवानचे नान्या, विनबाँड यांच्यासारखे आणि चिनी पुरवठादार, आणि सगळ्यांची रांग त्यांच्याच दारात.

बाहेरून वाटतं, एक चिप नाही मिळाली तर दुसरी लावा. पाय तेच, जागा तीच, मग अडचण काय? अडचण अशी:

१. डीरॅमचे वेळेचे आकडे बूटलोडरमध्ये (यंत्र चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) लिहिलेले असतात. दुसऱ्या कंपनीची चिप लावली की ते नव्याने बसवावे लागतात. चुकले तर बोर्ड चालू होतो, तासभर चालतो आणि तापल्यावर लटकतो. हा दोष सगळ्यात वाईट, कारण कारखान्यातल्या दोन मिनिटांच्या चाचणीत तो सापडत नाही.

२. म्हणून गरम पेटीत भरपूर वेळ मेमरी-चाचणी चालवायची. एका बोर्डवर नाही, निदान काही डझन बोर्डांवर, आणि चिपच्या दोन वेगवेगळ्या लॉटमधून.

३. नंतर ब्रॉडबँड कंपनीची मान्यता. तिच्या जाळ्यात लागणारा नग बदलला तर ती पुन्हा तपासणी करते.

४. जुन्या चिपची 'बंद होणार' अशी सूचना आली की अखेरची खरेदी किती करायची हा जुगार असतो. जास्त घेतली तर पैसा अडकतो, कमी घेतली तर लाईन थांबते.

आता प्रोसेसरवाल्याचा संबंध. बोर्डावर शंभर भाग, त्यातला एक नाही. नव्याण्णव भाग कपाटात पडून राहतात. खरेदीवाला मग काय करतो? सगळ्यात महागड्या भागाची, म्हणजे प्रोसेसरची, पुढची ऑर्डर ढकलतो. प्रोसेसर कंपनीचा माल तयार आहे, भाव तोच, दोष काही नाही, तरी विक्री पडते. मेमरीची टंचाई प्रोसेसरवाल्याला अशी लागते.

---

मांडवीकाठ (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री ९:३०

@वेर्णा_बोर्डलाईन, तुम्ही सांगितलंत तेच मोठ्या पडद्यावर बघायचं तर क्वालकॉम. ४ फेब्रुवारी २०२६ ला तिने १२.२५ अब्ज डॉलरची विक्रमी तिमाही विक्री जाहीर केली. पण पुढच्या तिमाहीचा अंदाज १०.२ ते ११ अब्ज दिला, आणि कारण सांगितलं ते फोनवाल्यांना मेमरी मिळत नाही हे. शेअर पडला. क्वालकॉमची चिप वाईट नव्हती, मागणीही होती. पण फोनवाला मेमरी मिळेल तेवढेच फोन बांधणार आणि तेवढेच प्रोसेसर उचलणार.

एकाच महिन्यात एकाच कारणाने मायक्रॉन चढतो आणि क्वालकॉम पडतो. 'चिपचा शेअर' अशी एकच पेटी नसते, ती अशी.

---

डिचोली_सर्व्हर | मंगळवार, रात्री १०:१०

सर्व्हरचा हिशेब वेगळा आहे, थोडक्यात लिहितो.

एएमडीच्या एपिक ९००५ या सर्व्हर प्रोसेसरला एका सॉकेटला (प्रोसेसर बसायच्या जागेला) १२ मेमरी चॅनेल. दोन सॉकेटच्या मशीनला २४ कांड्या. ६४ जीबीच्या एका सर्व्हर कांडीवर ४० चिप असतात: ३२ माहितीच्या, ८ चूक दुरुस्तीच्या. म्हणजे एका मशीनला ९६० डीरॅम चिप. समजा कांडी २५ हजारांची ७५ हजार झाली, तर मेमरीचं बिल ६ लाखांचं १८ लाख होतं. त्या यंत्रातले दोन प्रोसेसर मिळूनही कित्येकदा एवढे होत नाहीत.

मग लोक करतात ती चूक: २४ ऐवजी १२ कांड्या लावतात. डीडीआर५-६००० ला एका सॉकेटचा पूर्ण वेग ५७६ जीबी प्रतिसेकंद, अर्ध्या चॅनेलवर २८८. पैसे ९६ कोअरचे मोजले आणि डेटाबेस निम्म्या वेगाने चालला. मेमरी कमीच हवी असेल तर ३२ जीबीच्या २४ कांड्या लावा, ६४ च्या १२ नको. एकूण मेमरी तेवढीच, चॅनेल सगळे भरलेले. एक मात्र जपा: एकाच चॅनेल-संचात वेगवेगळ्या रँकच्या (कांडीवरच्या चिपच्या गटांची संख्या वेगळी असलेल्या) कांड्या मिसळू नका, कित्येक बोर्ड बूटच होत नाहीत किंवा वेग आपोआप खाली आणतात.

गुंतवणूकदारासाठी अर्थ असा: मेमरी महाग झाल्यावर सर्व्हरवाला यंत्रं कमी घेतो पण प्रत्येकात जास्त कोअर घेतो, किंवा जुनी यंत्रं आणखी वर्षभर चालवतो. पहिलं एएमडी-इंटेलला परवडतं, दुसरं नाही. निकालात सर्व्हर विभागाची विक्री आणि सरासरी भाव यांबद्दल कंपनी काय बोलते ते शब्दशः वाचा.

---

काणकोण_नवशिका | बुधवार, सकाळी ८:००

शेवंतीबाय, भाव वळतोय हे आधी कळायला काय बघायचं? आणि मायक्रॉनचा पी/ई कमी दिसला की घ्यावा का?

---

शेवंती_मडगांव | बुधवार, सकाळी ९:२५

दुसऱ्याचं उत्तर आधी, कारण त्यात लोक बुडतात. मेमरीचा शेअर पी/ई वर (शेअरचा भाव भागिले शेअरमागचा वर्षाचा नफा) तोलू नका. नफा शिखरावर असतो तेव्हा पी/ई सगळ्यात कमी दिसतो, आणि नफा खड्ड्यात असतो तेव्हा पी/ई निघतच नाही. २०२२ च्या डिसेंबरात मायक्रॉन पन्नास डॉलरच्या आसपास होता. मार्च २०२३ मध्ये १.४३ अब्ज डॉलरचा साठा खर्ची टाकून तिने २.३१ अब्जांचा तिमाही तोटा जाहीर केला, आणि दुसऱ्या दिवशी शेअर वर गेला. २०२५ च्या आर्थिक वर्षात विक्री ३७.३८ अब्ज आणि नफा ८.५४ अब्ज, त्यापुढच्या एकाच तिमाहीत विक्री १३.६४ अब्ज. हा वेग कायमचा धरून भाव काढणं म्हणजे लोखंडाचा भाव शिखरावर असताना कर्ज काढून ट्रक घेणं. गोव्याच्या खाणपट्ट्यात, डिचोली-सांग्यात ते किती घरांना भोवलं ते सांगायला नको. पुस्तकी किमतीच्या किती पट भाव चाललाय हे दहा-पंधरा वर्षांच्या पट्ट्यात बघा.

आता काय बघायचं:

कोरियाची निर्यात. महिन्याच्या ११ तारखेला पहिल्या १० दिवसांची, २१ ला २० दिवसांची आणि पुढच्या १ तारखेला पूर्ण महिन्याची आकडेवारी येते, सेमिकंडक्टर वेगळे काढून. फुकट आणि सगळ्यात ताजी. सुट्ट्यांमुळे कामाचे दिवस कमी-जास्त होतात, म्हणून दिवसाची सरासरी काढा.

नान्याची मासिक विक्री. तैवानच्या कंपन्यांना महिन्याच्या १० तारखेपर्यंत मागच्या महिन्याची विक्री द्यावीच लागते.

स्पॉट आणि करार भाव यांतलं अंतर. मोठा माल करारावर जातो, स्पॉट बाजार लहान. पण वळण आधी स्पॉटमध्ये दिसतं. स्पॉट करार भावाच्या खाली जायला लागला की खरेदीदार पुढच्या वाटाघाटीत मान ताठ करतात.

मायक्रॉनचं वर्ष ऑगस्टअखेर संपतं, म्हणून तिचे निकाल डिसेंबर, मार्च, जून, सप्टेंबरच्या उत्तरार्धात येतात, इंटेल-एएमडीच्या महिनाभर आधी. त्यात दोन आकडे वेगळे करा: किती बिट विकले आणि बिटामागे भाव किती. विक्री वाढली पण बिट तेवढेच, म्हणजे सगळी वाढ भावाची. भाव वळला की ती तेवढ्याच वेगाने जाईल.

साठ्याचे दिवस: साठा भागिले त्या तिमाहीतला विकलेल्या मालाचा खर्च, गुणिले ९०. हे मेमरीवाल्याचं काढाच, पण लॅपटॉपवाले आणि वितरकांचंही काढा. टंचाईत सगळे दोन-दोन ठिकाणी ऑर्डर टाकतात. २०२१ मध्ये हेच झालं आणि २०२२ च्या उत्तरार्धात ती भूत-मागणी एका फटक्यात गळाली. वितरकांचा साठा फुगतोय आणि मेमरीवाले 'मागणी भक्कम' म्हणताहेत, हे दोन्ही एकत्र दिसलं की सावध व्हा.

---

फोंडा_सीए | बुधवार, दुपारी ४:००

थेट परदेशी शेअर घेणाऱ्यांसाठी, आणि मुख्यतः गोव्यात राहणाऱ्यांसाठी, कारण बाहेरच्या सल्लागारांच्या यादीत आपली एक गोष्ट नसते.

एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) माणशी वर्षाला २.५ लाख डॉलर पाठवता येतात. १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतलेला कर) कापते. तो अंतिम कर नव्हे, विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. २४ महिन्यांनंतर विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के, आधी विकलं तर तुमच्या स्लॅबने. अमेरिकी लाभांशावर तिकडे २५ टक्के कापले जातात आणि इकडे त्याची वजावट मागता येते. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेची अनुसूची एफए भरायचीच, आणि ती कॅलेंडर वर्षाप्रमाणे, एप्रिल-मार्चप्रमाणे नव्हे. अमेरिकी शेअर ६० हजार डॉलरच्या वर गेले तर वारसाला तिथला इस्टेट टॅक्स (मृत्यूनंतर मालमत्तेवरचा कर) लागू शकतो.

आता आपली गोष्ट. पोर्तुगीज नागरी कायद्याची कम्युनिअन (पती-पत्नीची मालमत्ता दोघांची सामाईक मानणारी पद्धत) ज्यांना लागू आहे त्या पती-पत्नींना आयकराचं कलम ५अ (हा १९६१ च्या कायद्यातला क्रमांक) लागतं. पगार सोडून बाकी उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं. शेअर एकाच्या नावावर असला तरी भांडवली नफा आणि लाभांश अर्धा जोडीदाराच्या विवरणपत्रात जातो. अनुसूची ५अ मध्ये उत्पन्न आणि कापलेला कर दोन्ही विभागून दाखवा. नवऱ्याने सगळं आपल्या विवरणपत्रात दाखवलं आणि बायकोने काहीच नाही, ही चूक नेहमीची. नोटीस दोघांना येते.

---

काणकोण_नवशिका | बुधवार, रात्री ९:०५

सीएबाब, ५अ परदेशी शेअरलाही लागतं हे डोक्यात नव्हतं. देव बरें करूं. शेवटचा प्रश्न वेर्णाबाबांना. मेमरी नाही म्हणून प्रोसेसरची जी विक्री आज अडली, ती पुढे परत येते की गेली ती गेली?

---

वेर्णा_बोर्डलाईन | बुधवार, रात्री १०:३०

मालावर अवलंबून. राउटरची ऑर्डर ब्रॉडबँड कंपनीच्या करारावर असते, जोडण्या तर द्यायच्याच आहेत. म्हणून मेमरी आली की अडलेले बोर्ड बनतात आणि प्रोसेसरची विक्री एक-दोन तिमाही उशिरा का होईना, येते.

फोनचं तसं नाही. चवथ-दिवाळीच्या विक्रीसाठी ठरलेला नमुना त्या वेळी बाजारात आला नाही, तर जानेवारीत त्याला कोणी विचारत नाही. तोवर पुढचा प्रोसेसर आलेला असतो. फोनवाला मग मेमरी आपल्या महागड्या नमुन्यांसाठी राखतो आणि स्वस्त नमुने गाळतो. म्हणून क्वालकॉमसारख्या कंपनीच्या पुढच्या निकालात महागड्या फोनच्या चिपची विक्री कशी राहिली ते वेगळं वाचा. मीडियाटेकचं वाचताना स्वस्त फोनांचे नग बघा, तिथे गेलेला नग परत येत नाही.